प्रश्न वाचकांचे : प्रथिनांच्या घड्या आणि वाटून घेतलेली गणिते

गेल्या महिन्यात या स्तंभात प्रथिनांच्या त्रिमितीय रचनेविषयी लिहिताना, ‘हे गणित एका संगणकाच्या आवाक्यातले नाही, ते ठिकठिकाणी वाटून करावे लागते,’ असे एक वाक्य ओघात लिहिले गेले. उरलेल्या लेखापेक्षा त्या एका वाक्यावरच जास्त पत्रे आली. त्यांतील सहा पत्रे थोडी संक्षिप्त करून येथे घेतली आहेत. सर्व पत्रे वडोदऱ्याचीच आहेत आणि पत्रलेखकांची नावे मुद्दाम दिलेली नाहीत.

मी दहावीला विज्ञान शिकवते. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी, एवढे मुलांना समजावता येते. पण साखळीतील क्रम ठाऊक असताना तिचा आकार काढायला इतके संगणक कशाला लागतात, असे एका मुलाने विचारले आणि माझ्याकडे उत्तर नव्हते. — शिक्षिका, रावपुरा

त्या मुलाचे कौतुक करावे, कारण हाच प्रश्न सायरस लेव्हिंथॉल यांनी १९६९ मध्ये वेगळ्या शब्दांत मांडला होता. साखळीतील प्रत्येक अमिनो आम्लापाशी कणा, म्हणजे साखळीचा मुख्य धागा, थोडाफार वळू शकतो. प्रत्येक ठिकाणी फक्त तीनच स्थिती शक्य आहेत असे धरले, तरी १०० अमिनो आम्लांच्या लहानशा प्रथिनाला ३ चा १०० वा घात इतके आकार घेता येतील, म्हणजे साधारण ५ वर ४७ शून्ये. एवढे आकार एकेक करून तपासायला विश्वाचे आयुष्यही पुरणार नाही. पेशीतील प्रथिन मात्र बहुधा सेकंदभरातच आपली घडी घालून मोकळे होते, कारण ते सगळे आकार चाचपत बसत नाही. उतारावरचे पाणी वाट काढते तसे ते ऊर्जेच्या उतारावरून खाली येते. संगणकाला तो उतार आधी दिसत नाही, तो पावलापावलाने मोजावा लागतो.

ही मोजणी किती मोठी, याचा अंदाज एका हिशेबावरून येईल. अणूंची हालचाल संगणकावर पाहायची तर एकेक पाऊल साधारण २ फेम्टोसेकंदांचे (एक फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाचाही दहा लाखावा भाग) घ्यावे लागते. सेकंदाच्या दहा लाखाव्या भागापुरती हालचाल पाहायलाच अशी ५० कोटी पावले लागतात आणि प्रत्येक पावलाला प्रथिनातील व भोवतालच्या पाण्यातील हजारो अणूंवरील बले नव्याने काढावी लागतात.

म्हणून या शास्त्राने संगणकाचा हात सुरुवातीपासूनच धरला. जॉन केंड्रू यांनी १९५८ मध्ये मायोग्लोबिनची पहिली ढोबळ रचना दाखवली, तेव्हा क्ष-किरणांच्या नोंदींवरील गणिते केंब्रिजच्या एडसॅक या आरंभीच्या संगणकावर केली गेली होती. पण नुसता संगणक वाढवून भागत नाही, हेही तेवढ्याच लवकर कळले. मद्रासला गो. ना. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये दाखवले की कण्याच्या दोन कोनांच्या बहुतेक जोड्यांमध्ये अणू एकमेकांवर आदळतात, त्यामुळे त्या जोड्या मुळातच बाद होतात. रामचंद्रन आलेख म्हणून आज जगभर वापरली जाणारी ही आकृती म्हणजे ‘इथे शोधू नका’ असे सांगणारा नकाशाच होय. शोधाचे क्षेत्र ज्ञानाने आकुंचित करायचे आणि उरलेले यंत्राने पिंजून काढायचे, ही जोडी आजही तशीच आहे.

तुमच्या विद्यार्थ्याला आणखी एक सांगावेसे वाटेल. याच गावात वाढलेले आणि महाराजा सयाजीराव विश्वविद्यालयातून १९७१ मध्ये भौतिकशास्त्राची पदवी घेतलेले वेंकटरामन रामकृष्णन यांना २००९ चे रसायनशास्त्राचे नोबेल रायबोसोमच्या रचनेसाठी, थॉमस स्टाइट्झ आणि आदा योनाथ यांच्यासह, मिळाले. ज्या यंत्रावर पेशी प्रथिने विणते त्या यंत्राचीच ही रचना आहे, आणि ती हाती यायला स्फटिक, क्ष-किरण व गणित या तिघांचीही गरज पडली.

परम महासंगणकाचा अभिमान आम्ही बाळगतोच. मग गणिते ठिकठिकाणच्या संगणकांवर वाटून करायची, हे ग्रिड कशासाठी? महासंगणक पुरत नाही म्हणून केलेली ही काटकसर आहे काय? — निवृत्त बँक अधिकारी, दांडिया बाजार

काटकसर म्हणता येणार नाही, कारण दोन्हींची कामेच वेगळी आहेत. घरातलेच उदाहरण घेऊ. उडदाचे पापड करायचे असले की पीठ एकीकडे मळले जाते, लाट्या शेजारच्या चार घरांत जातात, जी ती आपल्या सवडीने लाटते, वाळवते आणि संध्याकाळी आणून देते. एकीचा पापड दुसरीच्या पापडावर अवलंबून नसतो. रव्याचे पाकातले लाडू मात्र असे वाटून देता येत नाहीत. मिश्रण कोमट आहे तोवर सगळ्यांनी एकाच परातीभोवती बसून वळावे लागतात, हात थांबला की सगळे कोरडे होऊन फुटू लागते. महासंगणक ही ती परात आहे. त्याचे हजारो भाग अतिजलद तारांनी जोडलेले असतात आणि ते क्षणोक्षणी एकमेकांशी देवाणघेवाण करतात. ग्रिड म्हणजे शेजारची घरे. निरनिराळ्या गावांतील, निरनिराळ्या संस्थांच्या मालकीचे संगणक साध्या इंटरनेटने जोडलेले असतात, आणि त्यांच्यात एका नियमावलीचा करार असतो.

हे नाव विजेच्या जाळ्यावरून आले आहे. बटण दाबताना वीज उकईची की वणाकबोरीची हे आपण विचारत नाही. संगणनही तसेच मिळावे, ही कल्पना इयन फॉस्टर आणि कार्ल केसलमन यांनी गेल्या शतकाच्या अखेरीस रुजवली. प्रत्यक्षात ते विजेइतके सोपे कधीच झाले नाही, हे माझे मत. युनिटच्या हिशेबाने वीज विकता येते, परक्याच्या संगणकावर आपला प्रोग्रॅम चालवणे हा मात्र विश्वासाचा व्यवहार आहे. म्हणून ग्रिडमध्ये अर्धा खटाटोप ओळख पटवण्याचा असतो : प्रत्येक वापरकर्त्याला डिजिटल प्रमाणपत्र, मग त्याच्या विषयाच्या गटाचे सभासदत्व, मग त्या गटाला कोणत्या केंद्रावर किती वेळ मिळेल याचे ठराव. बँकेत आयुष्य घालवलेल्या माणसाला हे नवे वाटू नये.

कामाची ने-आण कशी होते, हे समजून घ्यायला वडोदऱ्याच्या वाचकाला सयाजीराव महाराजांच्या फिरत्या ग्रंथालयाची आठवण पुरेशी आहे. अमेरिकेतून बोलावलेल्या बॉर्डन यांच्या हाताखाली १९१० पासून येथे ग्रंथालयांची व्यवस्था लागली, आणि पुस्तकांच्या पेट्या खेडोपाडी जाऊन परत येऊ लागल्या. ग्रिडवरही प्रत्येक काम अशाच पेटीतून जाते. आत प्रोग्रॅम, सुरुवातीची माहिती आणि सूचना असतात. पेटी दूरच्या संगणकावर उघडते, काम होते, आणि निकालाची पेटी परत येते. काही पेट्या हरवतात. त्या पुन्हा पाठवाव्या लागतात, आणि ग्रिड चालवणाऱ्यांचा बराच दिवस त्यातच जातो.

भारतात दोन्ही वाटा आहेत. सी-डॅक या सरकारी संगणन संस्थेने परम मालिकेबरोबरच गरुड नावाचे राष्ट्रीय ग्रिड उभारून अनेक शहरांतील संस्था जोडल्या. युरोपातील कणत्वरकाच्या, म्हणजे अणूहून लहान कण प्रचंड वेगाने आदळवणाऱ्या यंत्राच्या, जागतिक ग्रिडमध्ये मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि कोलकात्याचे सायक्लोट्रॉन केंद्र आपला वाटा उचलतात. आणि आपल्याच राज्यात, आयआयटी गांधीनगरमध्ये, २०२२ पासून परम अनंत हा महासंगणक चालू आहे. परातीचे काम परातीत आणि पापडाचे शेजारी, एवढा विवेक ठेवला की दोन्हींची किंमत वसूल होते.

मी जैवरसायनशास्त्रात एम.एस्सी. करते. आमच्याकडील दोन प्रथिने एकमेकांना चिकटतात हे प्रयोगाने दिसते, पण नेमकी कुठे ते माहीत नाही. मार्गदर्शकांनी नेदरलँड्समधील युट्रेख्टच्या हॅडॉक या इंटरनेटवरील सेवेवर काम टाकायला सांगितले. फाइली चढवल्या, काही तासांनी चित्रे आणि आकडे आले. मध्ये काय घडले ते मला कळलेले नाही, आणि न कळलेले प्रबंधात लिहिणे पटत नाही. शिवाय ही सेवा फुकट कशी? — विद्यार्थिनी, सयाजीगंज

तुमचा संकोच योग्य आहे, आणि तो तसाच राहू द्यावा. या पत्राला मी सर्वांत जास्त जागा देतो, कारण ग्रिडचा खरा उपयोग येथेच नीट दिसतो.

हॅडॉक ही पद्धत अलेक्झांडर बॉनव्हिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये मांडली. तिच्या लांबलचक नावाचा मथितार्थ ‘संदिग्ध माहितीच्या आधारे जोडी लावणे’ असा आहे. दोन प्रथिने कुठे चिकटतात याची अर्धवट माहिती बहुधा प्रयोगशाळेत असतेच : एखादे अमिनो आम्ल बदलले की चिकटणे थांबते, किंवा चुंबकीय अनुनादाच्या वर्णपटात दुसरे प्रथिन घालताच काही ठिपके सरकतात. त्यावरून एवढेच कळते की या प्रथिनाचा हा भाग त्या प्रथिनाच्या त्या बाजूच्या कोणत्या तरी आम्लाजवळ असला पाहिजे. पोळ (गल्ली) ठाऊक आहे, घर ठाऊक नाही, असा हा प्रकार. ही संदिग्धता लपवून न ठेवता ती जशीच्या तशी गणितात घालणे, हे या पद्धतीचे वैशिष्ट्य होय.

तुम्ही फाइली चढवल्यावर, नेहमीच्या मांडणीत, पुढील गोष्टी घडल्या. प्रथम दोन्ही प्रथिने दूर ठेवून, त्यांना यादृच्छिक दिशांनी फिरवून, ताठ वस्तू समजून एकमेकांकडे ओढण्यात आले. अशा १००० जोड्या बनल्या. त्यांतील गुणांनी वरच्या २०० निवडून त्यांच्या संपर्काच्या जागेला थोडे लवचिक केले गेले, म्हणजे अमिनो आम्लांच्या बाजूला लोंबणाऱ्या साखळ्या आणि कणा जागा करून घेऊ शकतील. शेवटी पाण्याच्या थरात किंवा साध्या ऊर्जा-न्यूनीकरणाने (ऊर्जा कमीत कमी होईल अशी मांडणी शोधून) त्यांची सफाई झाली आणि सारख्या दिसणाऱ्या जोड्यांचे गट पाडले गेले. आणखी एक बाब बहुतेक विद्यार्थ्यांच्या नजरेतून सुटते : प्रत्येक जोडी बनवताना तुम्ही दिलेल्या संदिग्ध अटींपैकी सुमारे निम्म्या यादृच्छिकपणे वगळल्या जातात. तुमच्या माहितीत एखादी अट चुकीची असेल, तर ती सर्वच्या सर्व जोड्यांना बिघडवू नये म्हणून ही तजवीज आहे.

आता ग्रिड कुठे आले ते पाहा. पहिल्या टप्प्यातील १००० जोड्यांपैकी एकीलाही दुसरीशी काही देणेघेणे नाही; हे निव्वळ पापड आहेत. सेवेने त्यांचे छोटे गठ्ठे केले, पेट्या भरल्या आणि युरोपीय ग्रिडशी जोडलेल्या केंद्रांवर पाठवल्या, त्यातून तुमच्या प्रथिनाचे काही तुकडे एका देशात तर काही दुसऱ्याच देशात तपासले गेले असतील. सर्व निकाल जमल्यावरच निवड होते, म्हणून त्या ठिकाणी थांबावे लागते. तुम्हाला लागलेल्या काही तासांत गणितापेक्षा रांगेत उभे राहण्याचा वेळ अधिक असण्याची शक्यता आहे. पूर्वी प्रत्येक वापरकर्त्याला स्वतःचे डिजिटल प्रमाणपत्र मिळवावे लागे, आणि जीवशास्त्राचे विद्यार्थी तेथेच हात टेकत. पुढे सेवेनेच सर्वांच्या वतीने एक यांत्रिक प्रमाणपत्र वापरायला सुरुवात केली, त्यामुळे आता साध्या नोंदणीवर काम भागते.

फुकट म्हणाल तर ते तुमच्यापुरते. यामागे युरोपीय संघाचा सार्वजनिक पैसा आहे : २००७ पासून ई-एनएमआर, २०१० पासून वी-एनएमआर, २०१५ पासून वेस्ट-लाइफ, असे एकामागून एक प्रकल्प आले. शिवाय विद्यापीठांची केंद्रे आपल्या यंत्रांचा वेळ देतात. म्हणून प्रबंधात आभार मानताना सेवेबरोबर ग्रिडचाही उल्लेख करावा. पुढचे अनुदान अशा उल्लेखांवरच मिळते.

प्रबंधात काय लिहावे, याबद्दल दोन-तीन गोष्टी आग्रहाने सांगतो. हॅडॉकचा गुणांक म्हणजे बंधाची ताकद नव्हे. तो आकर्षण, विद्युतबल, पाणी दूर सारण्याचा खर्च आणि अटींचे पालन यांची वजने लावून केलेली बेरीज आहे आणि ती एकाच प्रथिनजोडीच्या निरनिराळ्या मांडण्यांची तुलना करण्यापुरतीच वापरावी. ‘गुणांक उणे १२०, म्हणून बंध मजबूत,’ अशी वाक्ये मी परीक्षक म्हणून अनेकदा खोडली आहेत. दुसरे, एकाच सुंदर चित्रावर न जाता वरच्या गटांमधील फरक पाहावा. पहिल्या दोन गटांचे गुणांक जवळपास असतील आणि चित्रे वेगळी असतील, तर उत्तर अजून आलेले नाही असे प्रामाणिकपणे लिहावे. तिसरे, काम पुन्हा एकदा मुद्दाम चुकीच्या अटी देऊन चालवावे. विरुद्ध बाजूची आम्ले सांगूनही तितकेच चांगले गुण मिळाले, तर तुमच्या खऱ्या अटींनी काही सिद्ध केलेले नाही. अप्रकाशित प्रथिनाचा क्रम परक्या सेवेवर चढवण्यास मार्गदर्शकांची संमती आहे ना, हेही विचारून घ्यावे. गुप्तता महत्त्वाची असेल तर हॅडॉकची नवी आवृत्ती मुक्त स्रोताची असून ती आपल्या संगणकावर बसवता येते.

लॉकडाउनच्या काळात मुलाने घरच्या संगणकावर फोल्डिंग ॲट होम बसवले होते. महिनाभर पंखा घरघरत होता आणि वीजबिलही वाढले. त्यातून काही निघाले का? — गृहिणी, वाडी

निघाले. प्रथिनांच्या हालचालीची गणिते घरोघरच्या संगणकांवर वाटून करणारा हा प्रकल्प विजय पांडे यांनी स्टॅनफर्डला ऑक्टोबर २००० मध्ये सुरू केला. २०२० च्या वसंतात तुमच्या मुलासारखे लाखो लोक त्यात आले आणि सर्वांची मिळून गती सेकंदाला एकावर १८ शून्ये इतक्या क्रियांच्या पलीकडे गेली. त्या वेळी पृथ्वीवरील कोणताही महासंगणक तेथवर पोहोचला नव्हता. करोना विषाणूच्या प्रथिनांची एकत्रित ०.१ सेकंदाची हालचाल त्यातून मोजली गेली. ०.१ सेकंद ऐकायला क्षुल्लक वाटते, पण वरचा ५० कोटी पावलांचा हिशेब आठवावा. स्थिर रचनेत न दिसणाऱ्या, हालचालीत क्षणभर उघडणाऱ्या ५० हून अधिक कपारी त्यात सापडल्या. औषधाचा रेणू अडकवायला अशा जागा उपयोगी पडू शकतात. या निष्कर्षांचा शोधनिबंध २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला.

चाणाक्ष वाचक विचारील की हालचालीची पावले तर एकामागून एकच टाकावी लागतात, मग ती घरोघर कशी वाटली? एक लांबलचक प्रवास न करता हजारो छोट्या फेऱ्या निरनिराळ्या ठिकाणांहून काढतात आणि कोणत्या अवस्थेतून कोणत्या अवस्थेत किती वेळा जाणे झाले, यावरून संख्याशास्त्राने पूर्ण नकाशा जोडतात. लाडवाचे पापड करण्याची ही युक्ती, आणि माझ्या मते या साऱ्या विषयातील सर्वांत देखणी.

विजेचा हिशेब मात्र लपवू नये. ग्राफिक्स कार्डासह ३०० वॅट खेचणारा संगणक दिवसरात्र चालला तर दिवसाला ७.२ आणि महिन्याला २१६ युनिट होतात, आणि वडोदऱ्याच्या मे महिन्यात त्याच खोलीत एसी लावला तर ती उष्णता बाहेर काढायचे बिल वेगळे. मुलाला पुन्हा हौस आली तर हिवाळ्यात आणि ठरावीक तासांपुरते चालवावे. प्रोग्रॅम मूळ संकेतस्थळावरूनच घ्यावा, आणि कार्यालयाच्या संगणकावर परवानगीवाचून बसवू नये.

अल्फाफोल्डने प्रथिनांचे कोडे सोडवले, त्याला नोबेलही मिळाले. आता हे ग्रिड वगैरे इतिहासजमा समजावे काय? — अभियंता, मकरपुरा

अल्फाफोल्ड हा अमिनो आम्लांच्या क्रमावरून प्रथिनाच्या आकाराचे भाकीत करणारा कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रोग्रॅम, आणि त्याच्यामुळे एक दालन खरोखरच बंद झाले. हार्वर्डच्या एसबीग्रिड गटाने २०१० मध्ये अमेरिकेच्या ओपन सायन्स ग्रिडवर एक धाडसी काम केले होते : क्ष-किरणांच्या नोंदींना योग्य असा सुरुवातीचा नमुना सापडत नसेल, तर ज्ञात रचनांचे सुमारे एक लाख तुकडे एकेक करून लावून पाहायचे. एका यंत्रावर अशक्य असलेला हा शोध काही तासांत होऊ लागला. आज तोच संशोधक अल्फाफोल्डचे भाकीत हाच नमुना म्हणून घेतो आणि बहुतेक वेळा त्याचे काम होते. २०२२ पासून २० कोटींहून अधिक प्रथिनांची भाकिते खुली आहेत, आणि २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये डेमिस हसाबिस व जॉन जंपर यांचा निम्मा वाटा त्यासाठीच होता. उरलेला निम्मा डेव्हिड बेकर यांना नवी प्रथिने रचण्यासाठी मिळाला. हे बेकर रोझेटा ॲट होम या लोकसहभागी प्रकल्पाचे जनक होत.

पण अल्फाफोल्ड शिकले कशावर, ते विसरू नये. १९७१ मध्ये ७ रचनांनी सुरू झालेल्या आणि आता २ लाखांपलीकडे गेलेल्या प्रोटीन डेटा बँकेवर ते शिकले. तेथील प्रत्येक रचनेमागे प्रयोगशाळेतील माणसांची वर्षे आहेत. शिवाय ते मुख्यतः एक स्थिर आकार सांगते. प्रथिन कसे हलते, औषध बसल्यावर काय होते, हे प्रश्न उरतातच. आणि गंमत अशी की प्रथिनांच्या गुंतागुंतीच्या जोड्यांसाठी तेच अल्फाफोल्ड वेगवेगळ्या बीजांकांनी (बीजांक म्हणजे यादृच्छिक निवडीची सुरुवात ठरवणारा आकडा) हजारो वेळा चालवले, तर त्यातून अधिक चांगले उत्तर निवडता येते, असे २०२२ च्या जागतिक भाकीत-स्पर्धेत दिसून आले. हजारो स्वतंत्र प्रयत्न, त्यांतून निवड. म्हणजे पापड पुन्हा आलेच, फक्त आता ते ग्राफिक्स कार्डावर लाटावे लागतात. गोठवलेल्या नमुन्याची चित्रे घेणाऱ्या क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या कामाला मात्र मी ग्रिड सुचवणार नाही. तेथे एकेका नमुन्याची माहिती टेराबाइटांत असते, आणि ती गावोगाव पाठवण्यापेक्षा सूक्ष्मदर्शकाशेजारीच यंत्र ठेवलेले बरे.

आमच्या महाविद्यालयाच्या संगणककक्षात ३० संगणक आहेत. संध्याकाळी पाचनंतर ते बंद असतात. त्यांचे छोटे ग्रिड करून विद्यार्थ्यांना औषधरेणू तपासायला शिकवता येईल का? — अध्यापक, कारेलीबाग

येईल, आणि त्यासाठी पैसा जवळपास लागत नाही. विस्कॉन्सिन विद्यापीठात १९८८ पासून नेमक्या याच कल्पनेवर काम चालू आहे. तेथील एचटीकॉन्डॉर हा मुक्त प्रोग्रॅम रिकामे संगणक हेरतो, त्यांना काम देतो आणि कोणी येऊन कळफलकाला हात लावला की काम बाजूला ठेवतो. त्याच्या जोडीला ऑटोडॉक व्हिना हा मोफत प्रोग्रॅम घ्यावा, जो लहान रेणू प्रथिनाच्या खाचेत बसवून पाहतो.

प्रत्येक संगणकात चार कोअर, म्हणजे स्वतंत्रपणे गणित करणारे चार भाग, धरले आणि रात्रीचे १४ तास मिळाले, तर ३० संगणकांचे एका रात्रीत १६८० कोअर-तास होतात. एका रेणूला एका कोअरवर १० मिनिटे लागतात असे समजले, तर कागदावर दहा हजारांच्या वर रेणू एका रात्रीत तपासून होतात. प्रत्यक्षात निम्मे झाले तरी आनंद मानावा, कारण कुठल्या तरी यंत्राची डिस्क भरलेली असते, कुठे आवृत्ती वेगळी असते, आणि शिपाईकाका नेहमीच्या शिस्तीने नऊ वाजता मेन स्विच बंद करून जातात. या शेवटच्या कारणाला कोणत्याही प्रोग्रॅममध्ये उपाय नाही. शिपाईकाकांना आधी विश्वासात घ्यावे.

सुरुवात अज्ञात प्रथिनाने करू नये. एचआयव्हीच्या प्रोटिएज एन्झाइमची इंडिनाव्हिर या औषधासहित रचना प्रोटीन डेटा बँकेत १एचएसजी या क्रमांकाखाली आहे. तिच्यातून औषध काढून घ्यावे आणि तेच पुन्हा बसवून पाहावे. मूळ जागेपासूनचे सरासरी अंतर २ अँगस्ट्रॉमच्या (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा हजार कोटीवा भाग) आत आले तर मांडणी ठीक आहे असे धरून पुढे जावे. आले नाही, तर हजारो रेणू चालवून केवळ हजारो चुका हाती लागतील. खाचेभोवतीची चौकट चुकीच्या जागी ठेवणे आणि हायड्रोजन जोडायला विसरणे, या दोन चुका मी पाहिलेल्या बहुतेक अपयशांच्या मुळाशी होत्या.

आणखी एक चूक माझी स्वतःची आहे, ती सांगतो. पुष्कळ वर्षांपूर्वी एका प्रयोगशाळेत मी एकाच प्रथिनजोडीची २०० गणिते अनेक संगणकांवर वाटून दिली. सकाळी पाहतो तर सर्वच्या सर्व २०० उत्तरे एकमेकांवर तंतोतंत बसत होती. एवढे एकमत म्हणजे उत्तर पक्के, अशा समजुतीत मी दोन दिवस होतो आणि एका सहकाऱ्याला पेढेही दिले. तिसऱ्या दिवशी त्यानेच फाइलींचा आकार पाहून विचारले की या शेवटच्या अक्षरापर्यंत सारख्या कशा? सूचनांची फाइल मी नकलून नकलून सगळीकडे पाठवली होती आणि तिच्यातील यादृच्छिक बीजांक बदलायचा राहिला होता. मी २०० प्रयत्न केलेच नव्हते. एकच प्रयत्न २०० ठिकाणी केला होता. तेव्हापासून प्रत्येक कामाचा बीजांक वेगळा आहे ना, तो निकालाच्या फाइलीत लिहिला जातो ना, आणि त्याच बीजांकाने पुन्हा चालवल्यास तेच उत्तर येते ना, या तीन गोष्टी मी पहिल्या रात्री दोनच संगणकांवर तपासतो. व्हिनामध्ये बीजांक देण्याची सोय आहे. तुम्हीही ३० यंत्रे जोडण्याआधी दोन जोडावीत, आणि सकाळी सर्वांत आधी फाइलींचे आकार पाहावेत.